व्हर्च्युअलबॉक्समधलं उबंटू २०.०४ अपग्रेड करायचंय? क्लोनवर कर, मूळ मशीनला हात लावू नको

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नारायण पेठेतल्या एका छोट्या वाचनालयाचा कॉम्प्युटर तू बघतेस, त्यावर विंडोज ११, १६ जीबी रॅम, व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात उबंटू २०.०४ डेस्कटॉपचं एक मशीन, म्हणजे व्हीएम. सभासद, वर्गणी आणि पुस्तकांची देवघेव हे सगळं त्या मशीनमधल्या जँगोच्या (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट) सॉफ्टवेअरवर चालतं, मागे पोस्टग्रेस १२ हा डेटाबेस आहे, आणि काउंटरवरच्या काकू विंडोजच्या ब्राउझरमधून ते उघडतात, पावत्याही विंडोजच्या प्रिंटरला जातात. बसवणारा सीनियर आता बंगळुरात, फोन उचलत नाही. व्हीएमची डिस्क २५ जीबी, मोकळी जेमतेम ३. कोणीतरी दोन वर्षांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणीची जपलेली स्थिती, तसाच पडलाय. तुझी परीक्षा तोंडावर आहे. आणि तुला विचारायचंय की थेट २४.०४ वर जाता येईल का, स्नॅपशॉट आहे म्हणजे बॅकअप आहे असं धरायचं का, आणि डेटा उडणार तर नाही ना.

थेट जाता येत नाही, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही, आणि डेटा उडणार नाही पण उडवता मात्र नक्की येतो. आता सविस्तर. आणि हो, सर-बिर नको, दादा चालेल.

आधी घाई किती आहे ते बघू, कारण अर्धे घोटाळे घाईतूनच होतात. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, म्हणजे फुकटचे सिक्युरिटी अपडेट बंद. पण उबंटू प्रो नावाचं जे आहे ते पाच मशीनपर्यंत फुकट मिळतं, ईमेलने अकाउंट काढायचं, टोकन टाकायचं, की २०.०४ ला २०३० पर्यंत सिक्युरिटी अपडेट येत राहतात. तुझं मशीन बाहेर इंटरनेटला उघडं नाहीये, एनएटीच्या, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या आतल्या खासगी नेटवर्कच्या, मागे आहे, त्यामुळे आज रात्री बसून करायलाच पाहिजे असं काही नाही. आज प्रो जोडून टाक आणि अपग्रेड परीक्षा संपल्यावर निवांत कर. व्हायव्हाच्या आदल्या दिवशी डेटाबेस हलवू नये एवढं मी नक्की सांगेन.

दुसरं, अपग्रेडच का, नवीन व्हीएम का नाही? खऱ्या मशीनवर हा प्रश्न कोणी विचारत नाही कारण दुसरं मशीन आणायचं कुठून, पण व्हीएममध्ये दुसरं मशीन म्हणजे दहा मिनिटांचं काम. माझं मत सरळ आहे. काय काय बसवलंय ते माहीत असेल तर कोरं २४.०४ टाकायचं, डेटाबेसचा डंप (सगळा डेटा उतरवलेली फाइल) आत ओतायचा, कोड कॉपी करायचा, मोकळं व्हायचं, त्यात वर्षानुवर्षांचा गाळ बरोबर येत नाही. पण तुझ्याकडे नेमकं तेच माहीत नाहीये. कुठली क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) कुठे आहे, पावती छापायला कुठली स्क्रिप्ट पळते, कुठला फॉन्ट कुठे टाकलाय, कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी जागच्या जागी अपग्रेड बरं, कारण न माहीत असलेल्या गोष्टीही बरोबर पुढे येतात. फक्त ते मूळ मशीनवर करायचं नाही.

आता रस्ता. उबंटूत एका एलटीएसवरून (लांब सपोर्टची आवृत्ती) पुढच्याच एलटीएसवर जाता येतं, मधलं गाळून उडी मारता येत नाही. म्हणजे २०.०४ वरून २२.०४, आणि तिथून २४.०४. नेटवर लोक सांगतात की सोर्सेसच्या फाइलमध्ये फोकल (२०.०४ चं नाव) शब्द पुसून नोबल (२४.०४ चं) लिही आणि डिस्ट-अपग्रेड मार, होतं म्हणून. होतं कधीकधी, पण प्रत्येक पॅकेजच्या आत जुन्यावरून नव्यावर जायच्या ज्या स्क्रिप्ट असतात त्या लगतच्या रिलीजवरून यायचं धरून लिहिलेल्या आणि तपासलेल्या असतात, दोन पायऱ्या एकदम चढलीस की मधली एखादी गरजेची पायरी राहून गेली तर ते आज कळत नाही, चार महिन्यांनी कळतं. करू नकोस.

आणि मी तर म्हणतो तू पहिल्या टप्प्यात २२.०४ वरच थांब. त्याला एप्रिल २०२७ पर्यंत सपोर्ट आहे. कारण पुढे पायथनच्या भागात येतं.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहितोय. व्हीएममधल्या अपग्रेडमध्ये उबंटूचं स्वतःचं अपग्रेड क्वचित फसतं. फसतं ते व्हीएम आणि होस्ट (म्हणजे बाहेरचं विंडोज) जिथे एकमेकांना चिकटलेत तिथे, म्हणजे डिस्कचा आकार, गेस्ट अ‍ॅडिशन्स (व्हीएमला होस्टशी जुळवून देणारे ड्रायव्हर), शेअर्ड फोल्डर, डिस्प्ले. लॅपटॉपवर उबंटू अपग्रेड करायच्या गाइडमध्ये यातलं काहीच नसतं कारण तिथे या गोष्टीच नसतात, म्हणून माणूस सगळं गाइडप्रमाणे करतो आणि रीस्टार्टनंतर काळ्या स्क्रीनकडे बघत बसतो.

स्नॅपशॉटपासून सुरू करू. व्हर्च्युअलबॉक्स स्नॅपशॉट घेतो म्हणजे डिस्कची कॉपी काढत नाही. मूळ व्हीडीआय फाइल, म्हणजे व्हीएमची डिस्क, तिथेच गोठवतो आणि त्यानंतरचे सगळे बदल एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायला लागतो, वहीच्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर पुढचं लिहीत गेल्यासारखं. पान फाटलं तर नुसत्या ट्रेसिंग पेपरचा काही उपयोग नाही. म्हणजे तुझ्या वाचनालयाचा दोन वर्षांचा डेटा आज दोन फायलींत मिळून आहे, दोन्ही त्याच एका हार्ड डिस्कवर, ती डिस्क गेली की दोन्ही गेलं. शिवाय चुकून कोणी तो स्नॅपशॉट रिस्टोअर केला, आणि तेव्हा आत्ताच्या स्थितीचा स्नॅपशॉट घ्यायची टिक काढलेली असली, तर वाचनालय दोन वर्षं मागे. काकूंना व्हर्च्युअलबॉक्सचा आयकॉन दाखवू नकोस.

तो जुना स्नॅपशॉट आधी डिलीट करावा असं कोणी सुचवेल. तत्त्वतः बरोबर, डिलीट म्हणजे ट्रेसिंग पेपरवरचं पानात मिसळणं, डेटा जात नाही. पण एवढा जुना असला की त्याला वेळ लागतो, होस्टवर जागा लागते, आणि मध्येच लाइट गेली तर मग तुझी रात्र गेली. त्यापेक्षा फुल क्लोन काढ. मशीन व्यवस्थित शटडाउन कर, सेव्ह स्टेट नाही, शटडाउन, मग क्लोन, त्यात फुल क्लोन निवड आणि स्नॅपशॉटबद्दल विचारेल तिथे सध्याची स्थिती एवढंच निवड. लिंक्ड क्लोन नको, तो परत मूळ फाइलवरच अवलंबून राहतो. फुल क्लोनमध्ये सगळं सपाट होऊन एकच नवी व्हीडीआय तयार होते, स्नॅपशॉटचं लटांबर मागे राहतं, आणि मूळ मशीनला हातही लागत नाही.

क्लोन आणि मूळ दोन्ही एकदम चालू ठेवू नकोस. ब्राउझरसाठी जे पोर्ट फॉरवर्डिंग (विंडोजच्या एका पोर्टवरून व्हीएममध्ये नेणारी वाट) लावलंय ते क्लोनमध्येही तसंच येतं, त्यामुळे एकच पोर्ट दोघं मागतात आणि जो आधी सुरू झाला त्याला मिळतो. मग काकू एंट्री करतात कुठे आणि तू बघतेस कुठे. क्लोनमधला होस्टचा पोर्ट बदलून टाक आणि मशीनच्या नावात ठळक "चाचणी" लिही.

क्लोन झाला तरी डेटाबेसचा वेगळा डंप हवाच. मूळ मशीनमध्ये पीजी-डंपऑल चालवून जी फाइल येते ती पेनड्राइव्हवर घे आणि पेनड्राइव्ह घरी ने. वाचनालयाच्या ड्रॉवरमध्ये नको.

आता डिस्क. ३ जीबीत अपग्रेड होणार नाही, हजारेक पॅकेज डाउनलोड होतात, मग उलगडतात, जुनं-नवं काही काळ शेजारी शेजारी असतं. मी १२-१५ जीबी मोकळी असल्याशिवाय सुरूच करत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या मीडिया मॅनेजरमध्ये क्लोनची डिस्क निवडून स्लायडर ५० जीबीवर ने. डायनॅमिक प्रकारची असेल तर लगेच ५० जीबी खात नाही, लागेल तशी वाढते. स्नॅपशॉट असलेली डिस्क अशी वाढवताना त्रास होतो, म्हणून आधी क्लोन, मग वाढवणं, मग नवा स्नॅपशॉट, हा क्रम.

इथे बरेचजण अडकतात की डिस्क वाढवली पण उबंटू अजून २५ च दाखवतंय. साहजिक आहे, तू कपाट मोठं केलंस पण आतली फळी तेवढीच आहे, पार्टिशन वाढवायचं वेगळं. २०.०४ डेस्कटॉप बायोसवर नेहमीच्या पद्धतीने टाकलेलं असेल तर एसडीए-१ छोटं, एसडीए-२ एक्स्टेंडेड, आणि त्याच्या पोटात एसडीए-५ म्हणजे खरं उबंटू. मग आधी २ वाढवायचं आणि मगच ५ वाढतं, उलट करायला गेलीस तर जागा दिसणारच नाही. जीपार्टेडची लाइव्ह आयएसओ व्हीएमच्या सीडीत लावून त्यातून बूट कर, डोळ्यांनी दिसतं, माउसने ओढायचं, पाच मिनिटांत होतं. हेच वाचणाऱ्या कोणाकडे उबंटू सर्व्हर एलव्हीएमवर (डिस्कची जागा ग्रुप करून वाटणारी पद्धत) असेल तर आधी व्हीजीएस चालवून बघा, सर्व्हरचा इन्स्टॉलर बऱ्याचदा ग्रुपमधली निम्मी जागा न वापरताच सोडतो, डिस्क वाढवायची गरजच पडत नाही, एल-व्ही-एक्स्टेंड केलं की झालं.

आता गेस्ट अ‍ॅडिशन्स, सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात. आधी होस्टवरचं व्हर्च्युअलबॉक्स सध्याच्या सातच्या मालिकेवर आण, आणि ते करायच्या आधी सगळी मशीन पूर्ण शटडाउन, कारण सेव्ह केलेली स्टेट जुन्या व्हर्जनची असली तर नव्यात उघडेलच असं नाही. मग क्लोनमध्ये जाऊन जुन्या अ‍ॅडिशन्स काढून टाक. सीडीवरून बसवल्या असतील तर ऑप्ट फोल्डरमध्ये व्हीबॉक्स-गेस्ट-अ‍ॅडिशन्स नावाचा फोल्डर असेल, त्यात अनइन्स्टॉलची स्क्रिप्ट असते. कारण असं की अ‍ॅडिशन्समध्ये कर्नल मॉड्यूल असतात, ते त्या त्या कर्नलसाठी कंपाइल व्हावे लागतात. २०२० च्या अ‍ॅडिशन्सना पुढच्या रिलीजचा कर्नल काय माहीत, कंपाइल फसतं, आणि जुना व्हिडिओ ड्रायव्हर अर्धवट लोंबकळत राहतो. काढून टाकलं की अपग्रेडच्या वेळी स्क्रीन बारीक दिसेल, कॉपी-पेस्ट चालणार नाही, चालवून घे.

यातलाच एक छुपा खड्डा म्हणजे एफएस-टॅब, सुरू होताना कुठल्या डिस्क आणि फोल्डर जोडायचे ते लिहिलेली फाइल. सीनियरने शेअर्ड फोल्डर आपोआप जोडायला तिथे एक ओळ टाकली असण्याची दाट शक्यता आहे, पावत्या विंडोजच्या प्रिंटरला जातात म्हणतेस म्हणजे असेलच. त्या ओळीत व्हीबॉक्सएसएफ असा शब्द दिसेल. अ‍ॅडिशन्स नसताना मशीन सुरू झालं आणि ते माउंट झालं नाही, तर उबंटू इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन उभं राहतं, आणि सगळ्यांना वाटतं अपग्रेड गेलं. अपग्रेड गेलेलं नसतं. त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकून ठेव, शेवटी परत काढ, आणि कायमचं म्हणून ऑप्शनमध्ये नोफेल लिही.

मग नेहमीची साफसफाई. एपीटी अपडेट, एपीटी अपग्रेड, रीस्टार्ट. होल्डवर ठेवलेली पॅकेजेस आहेत का ते एपीटी-मार्क शोहोल्डने बघ. बाहेरचे पीपीए (उबंटूच्या स्वतःच्या नसलेली पॅकेजची भांडारं) अपग्रेडर आपणहून बंद करतो, कुठले होते ते लिहून ठेव. आणि जँगोच्या व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटमध्ये (त्याच्या पायथन लायब्रऱ्यांचा वेगळा फोल्डर) शिरून पिप फ्रीज चालव, लायब्रऱ्यांची जी यादी येईल ती एका फाइलमध्ये जपून ठेव, ही फाइल नंतर सोन्याच्या भावाने लागते. सगळं झालं की शटडाउन करून क्लोनचा नवा स्नॅपशॉट. चालू मशीनचा घेऊ नकोस, तो रिस्टोअर केला की आतलं घड्याळ जुन्या वेळेवर राहू शकतं आणि मग एपीटी म्हणतो की रिलीज फाइल अजून लागूच झालेली नाही, तासभर त्यात जातो.

आता मुख्य काम, जे खरं तर सगळ्यात सोपं आहे. अपडेट-मॅनेजरच्या रिलीज-अपग्रेड्स फाइलमध्ये प्रॉम्प्टपुढे एलटीएस आहे का बघ, आणि टर्मिनलमध्ये सुडो लावून डू-रिलीज-अपग्रेड. त्याआधी विंडोजचं स्लीप बंद कर, विंडोज अपडेट काही दिवस पुढे ढकल, नाहीतर रात्री दोन वाजता होस्टच रीस्टार्ट होतो. उबंटूचं स्क्रीन लॉकही बंद कर. यूपीएस आहे का बघ, आणि गुरुवारी करू नकोस, आपल्याकडे गुरुवारी पाणी आणि लाइट दोन्हीचा भरवसा नसतो हे मी पेठेतल्या माणसाला सांगायला नको. मध्येच लाइट गेलीच तर घाबरू नको, चालू करून डीपीकेजी ला कॉन्फिगर ऑल सांगितलं की बहुतेक वेळा जिथे थांबलं तिथून पुढे जातं, आणि नाही गेलं तर स्नॅपशॉट आहेच.

खाली व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत हिरवं कासव दिसतंय का? म्हणजे विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही (व्हीएम चालवणारी यंत्रणा) चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या डोक्यावर बसून काम करतंय, सगळं हळू होणार. डब्ल्यूएसएल किंवा कोअर आयसोलेशन चालू असलं की असं होतं. ते बंद करायच्या नादी लागू नकोस, एकदाच करायचंय, जास्त वेळ धर आणि चहाला जा.

मध्ये मध्ये विचारेल की ही कॉन्फिग फाइल तुम्ही बदललेली आहे, जुनी ठेवू का नवी टाकू. ज्या फायली कोणी बदलल्याच नाहीत त्यांच्याबद्दल विचारतच नाही, म्हणजे विचारलं याचा अर्थ सीनियरने तिथे काहीतरी केलंय. डी दाबून फरक बघ, कळलं नाही तर जुनी ठेव, नवी शेजारी डीपीकेजी-डिस्ट नावाने पडून राहते, नंतर बघता येते. शेवटी विचारतो की कालबाह्य पॅकेजेस काढू का. इथे सवयीने हो म्हणू नकोस, यादी उघडून वाच. पोस्टग्रेस १२ डेटा हलेपर्यंत मशीनवर राहायलाच पाहिजे. शंका आली तर नाही म्हण, नंतर काढता येतं.

रीस्टार्टनंतर काळी स्क्रीन आली तर आधी शांतपणे उजवं कंट्रोल आणि एफ३ दाब. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवं कंट्रोल ही होस्ट की असते, त्याने आतल्या मशीनला कंट्रोल-ऑल्ट-एफ३ जातं. टेक्स्टचं लॉगिन दिसलं म्हणजे उबंटू जिवंत आहे, फक्त चित्र येत नाहीये. मशीन बंद करून सेटिंगमध्ये ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी, थ्रीडी अ‍ॅक्सलरेशन बंद. २२.०४ पासून डेस्कटॉप वेलँडवर (स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी पद्धत, जुनी झॉर्ग) उघडतो, व्हीएममध्ये ते कधीकधी रुसतं, लॉगिनच्या वेळी नावावर क्लिक केल्यावर कोपऱ्यात चक्र दिसतं त्यातून झॉर्ग निवड. याच वेळी चिपसेट वगैरे इतर सेटिंग मात्र सुधारत बसू नकोस. आत नेटवर्क कार्डाचं नाव त्याच्या पीसीआय जागेवरून ठरतं, चिपसेट बदलला की नाव बदलतं आणि मग नेट का नाही म्हणून शोधाशोध.

डेस्कटॉप आला की नव्या अ‍ॅडिशन्स बसव. सीडीवरून बसवू शकतेस, पण मी हल्ली उबंटूच्या भांडारातलीच व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-युटिल्स आणि एक्स११ वाली अशी दोन पॅकेजेस टाकतो, एपीटीबरोबर ती आपोआप अपडेट होत राहतात. मग युजर व्हीबॉक्सएसएफ ग्रुपमध्ये आहे ना बघ आणि एफएस-टॅबमधली ओळ परत चालू कर. व्हीएमवेअरवाल्यांना ओपन-व्हीएम-टूल्स आणि केव्हीएमवाल्यांना क्यूईएमयू गेस्ट एजंट, त्यांना ही भानगडच नाही, त्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतात.

पोस्टग्रेस. इथे सावकाश वाच. २२.०४ बरोबर पोस्टग्रेस १४ येतं, पण तुझा डेटा आपोआप १४ मध्ये जात नाही. पीजी-एलएस-क्लस्टर्स चालवलंस की दोन ओळी दिसतील, १२ मेन ५४३२ पोर्टवर, त्यात तुझा डेटा, आणि १४ मेन ५४३३ वर, रिकामा. आता तो रिकामा १४ काढायचा, पीजी-ड्रॉप-क्लस्टर, स्टॉप, १४, मेन, आणि मग पीजी-अपग्रेड-क्लस्टर १२ मेन. ड्रॉपमध्ये १४ च्या जागी १२ टाइप झालं तर सगळे सभासद गेले, वर्गणीसकट. डेटा उडवता येतो म्हटलं ते हे. एंटर दाबायच्या आधी आकडा मोठ्याने वाच, हसतील शेजारचे, हसू दे. अपग्रेड-क्लस्टर झालं की नव्याला ५४३२ मिळतो आणि जुना दुसऱ्या पोर्टवर जातो, जँगोला काही बदलावं लागत नाही.

वेगवान पद्धतीचा एक पर्याय असतो त्यात, तो वापरू नकोस, साधी डंपची पद्धत राहू दे. कारण नव्या रिलीजबरोबर ग्लिबसी ही सिस्टिमची मूळ लायब्ररी बदलते आणि तिच्यात अक्षरांची क्रमवारी लावायचे नियम असतात. नियम बदलले आणि इंडेक्स (डेटाबेसची शोधायची सूची) जुन्या क्रमाने बांधलेला राहिला तर सभासद यादीत दिसतो पण शोधल्यावर सापडत नाही असले चमत्कार होतात. तुझी सगळी नावं मराठीत आहेत, जोडाक्षरांनी भरलेली. डंप पद्धतीत इंडेक्स नव्याने बांधले जातात, प्रश्नच मिटतो. वाचनालयाच्या डेटाला वेळ लागून लागणार किती.

पायथन. २०.०४ वर ३.८, २२.०४ वर ३.१०, २४.०४ वर ३.१२. व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट अपग्रेडनंतर मोडतेच, कारण आतला पायथन हा फक्त सिस्टिमच्या पायथनकडे जाणारा दुवा असतो, तो दुवा ३.१० कडे जातो आणि लायब्रऱ्या ३.८ नावाच्या फोल्डरमध्ये. दुरुस्त करत बसू नको, फोल्डरचं नाव बदलून ठेव, त्याच जागी नवीन एन्व्हायरन्मेंट बनव आणि मघाची पिप फ्रीजची फाइल वापरून भर. जागा तीच ठेव कारण सर्व्हिसच्या फाइलमध्ये तो रस्ता लिहिलेला असतो.

पण जँगो कितवा आहे ते तू लिहिलेलं नाहीस आणि सगळं त्यावर आहे. जँगो २.२ असेल तर तो अधिकृतपणे पायथन ३.९ पर्यंतच, म्हणजे २२.०४ लाच कोड हलवावा लागेल. ३.२ असेल तर ३.१० वर चालतो, २२.०४ वर बहुतेक आरामात बसेल. ३.१२ साठी ४.२ पाहिजे. म्हणून मी वर म्हटलं २२.०४ वर थांब. ऑपरेटिंग सिस्टिमचं अपग्रेड आणि जँगोचं अपग्रेड एकाच रविवारी केलंस तर काही मोडलं की कशामुळे मोडलं ते कळणार नाही. आधी २२.०४ वर एखादा महिना चालू दे, मग जँगो वर ने, मग २४.०४. तिथे गेल्यावर पिप थेट चालवलास तर एक्स्टर्नली मॅनेज्ड म्हणून हाकलून देईल, ती चूक नाहीये, सिस्टिमच्या पायथनमध्ये लुडबुड करू नये म्हणून मुद्दाम तसं केलंय, एन्व्हायरन्मेंटच्या आत चालतं.

आता तपासणी, आणि ही तू एकटीने करू नकोस, काउंटरवरच्या काकूंना बसव. तू फक्त लॉगिन होतं का बघशील, त्या बरोबर ते करतील जे रोज होतं. नवा सभासद, आडनावात जोडाक्षर असलेला. पुस्तक परत, दंडासकट. पावती छापा आणि कागदावर बघा, स्क्रीनवर नको, फॉन्ट बदलला असेल तर रकार आणि वेलांटी कागदावरच तुटलेल्या दिसतात. मराठी टायपिंगचा कीबोर्ड लेआउट तोच आहे का. महिन्याचा रिपोर्ट.

आणि सगळं ठीक चाललं तरी क्लोन तसाच लगेच चालू करायचा नाही! तू क्लोन काढल्यापासून काकू जुन्या मशीनवर एंट्री करतायत ना, त्या क्लोनमध्ये नाहीयेत. बदलायचा दिवस वाचनालयाच्या सुट्टीचा ठेव. आदल्या संध्याकाळी काउंटर बंद झाला की जुन्या मशीनमधून ताजा डंप, नव्यातला चाचणीचा डेटाबेस पुसून त्यात तो ओतायचा, सभासदांची संख्या आणि शेवटचा पावती नंबर दोन्हीकडे जुळतो का बघायचं, जुनं मशीन शटडाउन, नव्याला मूळ पोर्ट द्यायचा. पावती नंबर जुळला नाही तर ऑडिटवाले तुलाच शोधत येतील.

नवीन मशीन आठवडाभर नीट चाललं की क्लोनवरचे स्नॅपशॉट काढून टाक, नाहीतर परत दोन वर्षांनी कोणीतरी हाच प्रश्न विचारेल. जुनं मशीन ओव्हीए म्हणून (अख्खी व्हीएम एका फाइलमध्ये) एक्सपोर्ट करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि विंडोजवरून काढून टाकायचं ते वार्षिक सभा होऊन हिशेब मंजूर झाल्यावरच.

मध्ये कुठे अडलीस तर व्हार-लॉगमध्ये डिस्ट-अपग्रेड फोल्डर आहे, त्यातल्या मेन-लॉग आणि एपीटी-टर्म-लॉग या दोन फायलींच्या शेवटच्या पन्नासेक ओळी पाठव, आणि पिप फ्रीजमधली जँगोची ओळही. मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको, त्यात नेमकी एररची ओळच ट्यूबलाइटच्या उजेडात गेलेली असते.